मुलींची बाजी : अंश छापता, छेद का लपवता?



दहावीचा निकाल लागला की दुसऱ्या दिवशीचा पेपर न उघडताही पहिल्या पानावरचा मथळा सांगता येतो. ‘यंदाही मुलींचीच बाजी’. खाली एक फोटो असतो. शहरातल्या एखाद्या नावाजलेल्या शाळेच्या पटांगणात चार-पाच मुली हवेत उड्या मारताहेत, कुणी कुणाला पेढा भरवतेय. २०२५ सालीही तेच झाले. दहावीत मुलींचा निकाल ९६.१४ टक्के, मुलांचा ९२.३१. बारावीत अंतर आणखी मोठे, ९४.५८ आणि ८९.५१. दुपारपर्यंत नेत्यांची अभिनंदनाची बॅनरे मोबाईलवर फिरू लागली आणि संध्याकाळपर्यंत आमच्या वस्तीतल्या बापांच्या स्टेटसलाही सावित्रीमाईंच्या फोटोखाली हीच टक्केवारी झळकत होती.

पास झालेल्या एकाही मुलीच्या आनंदात मला मीठ कालवायचे नाही. त्यातल्या अकरा मुली आमच्या विहारातल्या अभ्यासिकेत बसून शिकल्या आहेत. भांडण आहे ते मथळ्याशी. हा मथळा वरवर कौतुक करतो आणि आतून दोन गोष्टी गळी उतरवतो. पहिली, शिक्षणातली स्त्री-पुरुष विषमता संपली, आता उलट मुलांचीच काळजी करा. दुसरी, ज्याने अभ्यास केला तो पास झाला, जातबित सगळे जुने रडगाणे आहे. या दोन्ही गोष्टी खोट्या आहेत आणि त्यांचा खोटेपणा पकडायला पाचवीचे गणित पुरते.

टक्केवारी म्हणजे अपूर्णांक. वर अंश, खाली छेद. निकालाच्या बातमीत छेदाच्या जागी असतात परीक्षेला बसलेल्या मुली. जी बसलीच नाही ती ना वर आहे ना खाली. ती नापाससुद्धा नाही. शंभर मुलींमधून चाळीस आधीच गाळा आणि उरलेल्या साठपैकी अठ्ठावन्न पास करा, निकाल ९६ टक्क्यांच्या वर जातो. ज्या व्यवस्थेने चाळीस गाळल्या तिलाच त्या दिवशी हारतुरे मिळतात.

आता खरे आकडे घेऊ. २०२५ च्या दहावीला राज्यभरातून १६ लाख ११ हजार ६१० जणांनी नोंदणी केली. त्यात मुलगे ८ लाख ६४ हजार १२०, मुली ७ लाख ४७ हजार ४७१ आणि तृतीयपंथी १९. म्हणजे हजार मुलग्यांमागे ८६५ मुली. मुलग्यांपेक्षा मुली १ लाख १६ हजारांनी कमी. हा आकडा परीक्षेच्या आधी सगळ्या पेपरांत छापून आला होता. निकालाच्या दिवशी तो कुणालाच आठवला नाही.

ही मुले जन्मली ती साधारण २००९-१० च्या सुमाराला. २०११ च्या जनगणनेत ती शून्य ते सहा वर्षांच्या गटात मोजली गेली. त्या गटात महाराष्ट्रात हजार मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या. निसर्गाच्या हिशोबाने त्या साडेनऊशेच्या आसपास असायला हव्यात. तेव्हा पहिली वजाबाकी गर्भातच झाली. ८ लाख ६४ हजार मुलग्यांच्या हिशोबाने साधारण ५० हजार मुली. सोनोग्राफीच्या मशीनने आणि डॉक्टरांच्या ‘जय श्रीकृष्ण’, ‘जय माता दी’च्या सांकेतिक भाषेने. त्या तर परीक्षेला बसणारच नव्हत्या. पण ज्या जन्मल्या आणि मोजल्या गेल्या, त्यांचे प्रमाण ८९४ चे ८६५ कसे झाले? त्याच हिशोबाने हा फरक २५ हजार मुलींचा होतो.

माझ्या वजाबाकीला कुणी लगेच हरकत घेईल, म्हणून मीच सांगते. नोंदणीत पुन्हा परीक्षा देणारेही असतात आणि त्यात मुलगे जास्त असतात. सीबीएसई-आयसीएसईची मुले यात नाहीत. त्यामुळे २५ हजार हा आकडा काट्यावर तोललेला नाही. पण या हरकतीकडे नीट बघा. नापास झाल्यावर पुन्हा फॉर्म भरणाऱ्यांत मुलगे जास्त का? मुली नापास होत नाहीत म्हणून? की नापास झालेल्या मुलीचा पुन्हा फॉर्म भरायला कुणी पैसे देत नाही म्हणून?

मथळ्यातल्या ‘बाजी’चे रहस्य माझ्या मते इथे आहे. मुली मुळातच अभ्यासू असतात, शांत बसतात, अक्षर चांगले असते, असे मास्तर लोक कौतुकाने सांगतात. यात मुलीचा मेंदू वेगळा असतो असे सुचवायचे असते. समाजशास्त्र शिकलेल्या माणसाने असे ऐकून गप्प बसू नये. आमच्या वस्तीत मुलगा दहावीला नापास झाला तर घरात दोन दिवस शिव्या, मग जुलैची फेरपरीक्षा, तीही गेली तर मार्चचा फॉर्म, नाहीतर आयटीआय, नाहीतर मामाच्या गाडीवर क्लीनर. मुलगी नापास झाली तर पाहुणे. फेरपरीक्षेची तारीख जाहीर व्हायच्या आत. तिला ठाऊक असते की तिला एकच संधी आहे. ती जीव खाऊन अभ्यास करते कारण तिच्या मागे पेपरात गेलेले मार्क नाहीत, मांडव आहे. ज्यांना भीती घालून पळवले जाते त्यांचा वेग जास्त असतो, याचे कौतुक करायचे की पळवणाऱ्याला जाब विचारायचा?

शिवाय ज्या मुलींचा अभ्यास नववीत कच्चा दिसतो त्यांना नववीतच थांबवतात. कच्चा मुलगा दहावीपर्यंत ढकलला जातो आणि नापास होऊन मुलग्यांची टक्केवारी खाली आणतो. कच्ची मुलगी आधीच घरी बसलेली असते. मुलींचा निकाल असा ‘सुधारतो’.

छेदाचा प्रश्न मी शोधून काढलेला नाही. १२ मार्च १९२७ रोजी, महाडच्या सत्याग्रहाच्या अवघे आठ दिवस आधी, बाबासाहेब मुंबईच्या कायदेमंडळात शिक्षणावरच्या अनुदानाबद्दल बोलले. ते भाषण आपल्यातल्या फार थोड्यांनी वाचले आहे. चवदार तळे आपल्याला पाठ आहे, हे नाही. त्यात त्यांनी सरकारला सांगितले की प्राथमिक शाळेत शिरणाऱ्या शंभर मुलांपैकी चौथीपर्यंत फक्त १८ पोचतात, उरलेली ८२ पुन्हा अज्ञानात जातात. पास किती झाले हे त्यांनी विचारले नाही. शिरले किती आणि पोचले किती, हे विचारले. आणि सरकारच्याच गतीने गेले तर शाळेच्या वयाची सगळी मुले शाळेत यायला मुलग्यांच्या बाबतीत ४० वर्षे आणि मुलींच्या बाबतीत ३०० वर्षे लागतील, असा हिशोब मांडला. त्याच भाषणात त्यांनी प्रत्येक समाजगटाचा लोकसंख्येतला क्रमांक आणि शिक्षणातला क्रमांक शेजारी शेजारी ठेवून दाखवले की लोकसंख्येत दुसरे असलेले आपले लोक शिक्षणात शेवटचे आहेत. जात आणि लिंग, दोन्ही रकाने त्यांनी १९२७ साली उघडले होते. २०२५ साली मंडळ निकाल जाहीर करताना विभाग सांगते, विषय सांगते, मुलगे-मुली सांगते, दिव्यांग सांगते, शंभर टक्के मिळवणारे किती तेही सांगते. जात सांगत नाही. फॉर्ममध्ये प्रवर्गाचा रकाना भरून घेतात, निवेदनात तो गायब होतो.

का गायब होतो? कारण तो उघडला की ‘मुली’ नावाची एकसंध गोष्ट शिल्लक राहत नाही. पुण्यातल्या कोथरूडची मुलगी आणि बीडच्या तांड्यावरची मुलगी एकाच टक्केवारीत उड्या मारू शकत नाहीत.

बीडचे उदाहरण मी मुद्दाम घेते. २०११ च्या जनगणनेत शून्य ते सहा वयोगटात बीडमध्ये हजार मुलग्यांमागे ८०७ मुली होत्या, राज्यात सर्वांत कमी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ च्या पाहणीत, वीस ते चोवीस वर्षांच्या स्त्रियांपैकी अठरा वर्षांच्या आत लग्न झालेल्यांचे प्रमाण राज्यात २१.९ टक्के निघाले. बीडमध्ये ते ४३.७ होते, शेजारच्या परभणीत ४८. म्हणजे ज्या जिल्ह्यात मुली मुळात कमी जन्मू दिल्या, तिथेच त्यांची लग्ने लवकर लावली. टीव्हीवरचे विद्वान याला ‘मागास मानसिकता’ म्हणतात. आमच्या लोकांना अक्कल नाही, असे सभ्य भाषेत. मानसिकतेचा शोध घ्यायचा तर आधी कोयता समजून घ्या.

ऊसतोडीत मुकादम उचल देतो ती एका माणसाला देत नाही, कोयत्याला देतो. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकट्या पोराला अर्धा कोयता म्हणतात. सतरा-अठरा वर्षांचा मुलगा कामाला लायक झाला की त्याला पूर्ण कोयता करायचा तर बायको पाहिजे. म्हणून दिवाळीच्या आधी, टोळ्या निघायच्या आत, लग्ने उरकतात. दुसऱ्या बाजूने मुलीच्या आईबापाला सहा महिने गाव सोडायचे असते. चौदा-पंधरा वर्षांची मुलगी मागे कुणाच्या भरवशावर ठेवायची? फडावर न्यावी तर पाचटाच्या कोपीला दार नाही आणि रात्री गाडी भरायला उठावे लागते. ती कुणाच्या तरी नावावर करून टाकली की जोखीम उतरली. हे क्रूर आहे, पण वेडेपणा नाही. हा कारखान्याच्या हिशोबाला जोडलेला हिशोब आहे. हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. दहावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये येते. या दोन वेळापत्रकांत जी मुलगी सापडते ती वंजारी असते, बंजारा असते, मातंग असते, बौद्ध असते, धनगर असते. साखर खाणाऱ्याच्या घरातली नसते. हंगामी वसतिगृहांचे शासन निर्णय निघतात. एका गावात आम्ही वसतिगृह शोधायला गेलो तेव्हा रजिस्टर सापडले, मुली सापडल्या नाहीत.

आता शाळेच्या आत जाऊ, कारण शाळेत पोचले की जात संपते असे अनेकांना मनापासून वाटते. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या दोन अर्थशास्त्रज्ञ बाईंनी उत्तर प्रदेशात सहावी-सातवीच्या ६४२ मुलग्यांवर एक प्रयोग केला. जागतिक बँकेने तो २००४ साली प्रसिद्ध केला. निम्मी मुले उच्च जातींची, निम्मी दलित. कागदावरची भूलभुलैयाची कोडी सोडवायची, जितकी सुटतील तितके पैसे. कुणाची जात जाहीर केली नाही तेव्हा दोन्ही गटांनी जवळपास सारखीच कोडी सोडवली. मग दुसऱ्या गटांत कोडी द्यायच्या आधी सर्वांसमोर प्रत्येकाचे नाव, बापाचे नाव, आजोबांचे नाव, गाव आणि जात वाचून दाखवली. दलित मुलांची कामगिरी सुमारे पाचव्या हिश्श्याने घसरली. तीच मुले, तीच बुद्धी, तोच कागद. मध्ये फक्त एक हजेरी आली.

हा प्रयोग वाचला तेव्हा मला आमचा वर्ग आठवला. शिपाई यायचा आणि मोठ्याने म्हणायचा, “स्कॉलरशिपवाली कोण कोण, उभे राहा, हेडसरांनी बोलावलंय.” आम्ही सात जण उभे राहायचो. चाळीस डोकी वळून बघायची. त्या तासाला पुढे काय शिकवले ते मला कधीच कळले नाही. मेरिटवाल्यांना विचारायचे आहे की त्या तासाचे मार्क कुणाच्या खात्यात धरता? (हॉफ-पांडेंच्या प्रयोगातही मुली नव्हत्या हे लक्षात घ्या. दलित म्हटले की मुलगा आणि मुलगी म्हटले की सवर्ण, ही सवय चांगल्या चांगल्या संशोधनालाही लागलेली आहे.)

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ बोर्द्यू याने सांस्कृतिक भांडवल अशी कल्पना मांडली. शाळा ज्याला हुशारी म्हणते ते बरेचदा घरातून आणलेले सामान असते. भाषा, पुस्तके, बोलण्याचा धीर. मी एम.ए.ला हे शिकले तेव्हा वाटले, आमच्या जोतिरावांनी हे केव्हाच सांगून ठेवले. १८८२ साली हंटर आयोगापुढे त्यांनी विचारले होते की कर भरतो शेतकरी आणि त्या पैशावर शिकतात कोण. वरच्यांना शिकवा म्हणजे ज्ञान आपोआप खाली झिरपेल, हे त्यांनी साफ नाकारले होते. त्यांच्याच शाळेत शिकलेली मुक्ता साळवे. मातंगाची पोर. १८५५ साली ‘ज्ञानोदया’त तिचा मांग-महारांच्या दुःखावरचा निबंध छापून आला तेव्हा तिचे वय चौदाच्या आसपास होते. तीन वर्षांच्या शाळेच्या बळावर तिने धर्माला प्रश्न विचारले. आजच्या भाषेत ती पहिली टॉपर. त्या निबंधानंतर मुक्ताचे पुढे काय झाले? इतिहासात नोंद सापडत नाही. आपण दर ३ जानेवारीला तिचा निबंध वाचतो, टाळ्या वाजवतो आणि तो एकच निबंध का आहे हे विचारायला विसरतो.

पुढे काय झाले, हाच खरा निकाल. आमच्या अभ्यासिकेतल्या एका मुलीला दहावीला ८४ टक्के मिळाले, गणितात ९२. वडील सेंट्रिंगच्या कामावर, आई शाळेत खिचडी शिजवते. निकालाच्या चौथ्या दिवशी मी घरी गेले. सायन्सला घालायचे, जातीचा दाखला काढायचा, पुढे पडताळणी लागेल, त्यासाठी १९५० पूर्वीचा पुरावा शोधायचा, आजोबांचा शाळेचा निर्गम उतारा काढायला मूळ गावी जावे लागेल, हे सगळे मी सांगत होते. वडील ऐकत होते. मग म्हणाले, “ताई, पोरगी हुशार हाय, मी नाही कुठं म्हणतो? पण भावाचं नीटचं रिपीट चालू हाय लातूरला. त्याचं एकदा मार्गी लागू द्या. हिचं पुढच्या वर्षी बघू.” भावाला बारावीला ५८ टक्के होते. त्याच्या क्लासची फी भरायला मायक्रोफायनान्सचे कर्ज काढलेले आहे. कर्ज आईच्या नावावर, कारण या कंपन्या बायकांनाच देतात. म्हणजे हप्ता आई भरते, शिकतो मुलगा आणि थांबते मुलगी.

तरी त्या माणसाला मी वाईट म्हणणार नाही. त्याने मुलीला घरी बसवले नाही. तालुक्याच्या कॉलेजात आर्ट्सला घातले. सायन्सला का नाही? प्रॅक्टिकल संपते पाचला, गावाकडे शेवटची एसटी साडेचारला. बारावीपर्यंत मुलींना एसटीचा पास मोफत आहे, पण पासने गाडी येत नाही. तेव्हा गणितात ९२ मिळवणारी मुलगी कोणत्या शाखेला जाणार, हे एसटीच्या वेळापत्रकाने ठरवले आणि कॉलेजच्या नोंदीत लिहिले गेले की ‘विद्यार्थिनीची आवड : कला’.

दहावीला बाजी मारणाऱ्या मुली पुढे कुठे जातात हे बघायचे तर आयआयटीकडे बघा. तिथल्या वर्गात मुली इतक्या कमी होत्या की २०१८ पासून त्यांच्यासाठी जादा जागा काढाव्या लागल्या आणि प्रमाण २० टक्क्यांपर्यंत न्यावे लागले. दहावीपर्यंत पुढे असलेल्या मुलींची बुद्धी दोन वर्षांत आटली काय? आटली ती घरची पिशवी. जिथवर शाळा स्वस्त आहे तिथवर मुलगी पुढे. जिथे लाखाची फी सुरू होते तिथे मुलगा पुढे.

आणि सरकार तिच्यावर किती खर्च करते? १९९२ सालच्या ३ जानेवारीला, सावित्रीमाईंच्या जयंतीला, दारिद्र्यरेषेखालच्या अनुसूचित जाती-जमाती, भटक्या-विमुक्तांच्या पहिली ते चौथीतल्या मुलींसाठी उपस्थिती भत्ता सुरू झाला. दिवसाला १ रुपया. पुढची तीस वर्षे तो १ रुपयाच राहिला. सावित्रीमाईंच्या नावाची शिष्यवृत्ती पाचवी ते सातवीला महिन्याला ६० रुपये, आठवी ते दहावीला १०० रुपये, तीही वर्षाचे दहाच महिने. एवढ्यासाठी बँकेत खाते, खात्यात किमान शिल्लक, आधार जोडणी. बापाची एका दिवसाची मजुरी बुडते ती शिष्यवृत्तीच्या अर्ध्या वर्षाहून महाग पडते. मग आम्ही फॉर्म भरत नाही आणि ते म्हणतात, लाभार्थीच येत नाहीत.

इथपर्यंत लिहिले की आपल्या गटांमध्ये अंगठे पडतात. आता पुढचे लिहिते, त्यावर किती पडतील ते बघू.

ब्राह्मणी व्यवस्थेला शिव्या घालणे सोपे आहे आणि बऱ्याच अंशी योग्यही आहे. पण ८४ टक्क्यांच्या मुलीला आर्ट्सला कुणा ब्राह्मणाने घातले नाही. २०११ च्या जनगणनेत देशातल्या बौद्ध स्त्रियांची साक्षरता ७४ टक्के होती, एकूण स्त्रियांची ६४.६. हा आकडा आपण भाषणात अभिमानाने सांगतो, सांगायलाच हवा. तो आपल्या आज्यांनी धुणीभांडी करून मिळवलेला आहे. पण साक्षर करणे आणि शिकवणे यात फरक आहे. पुण्याच्या पेठांमध्ये एमपीएससी करणारी आपली मुले मोजा आणि मुली मोजा. मुलगा चार वर्षे ‘तयारी’ करू शकतो. मुलीला एक ‘अटेम्प्ट’.

माझ्या घरी वेगळे नव्हते. भाऊ पुण्यात चार वर्षे राहिला. मी समाजशास्त्रात एम.ए. केले. मला समाजाची आवड होती म्हणून हा विषय घेतला, असे मी कित्येक वर्षे सांगत आले. खरे असे आहे की मला भूगोल हवा होता. भूगोलाला प्रॅक्टिकल होते, सहली होत्या. समाजशास्त्राला घरून जाऊन घरी येता येत होते. आज मला हा विषय आवडतो, त्याची भाकरी खाते, पण ‘निवड’ हा शब्द मी त्यासाठी वापरणार नाही. डॉ. शैलजा पाईक यांनी पुण्या-मुंबईच्या दलित स्त्रियांच्या शिक्षणावर लिहिलेल्या पुस्तकात दुहेरी भेदभाव हा शब्द वापरला आहे. शाळेत जात आडवी येते आणि घरात बाई असणे आडवे येते. आपल्या चळवळीने पहिल्यावर मोर्चे काढले. दुसऱ्यावर बोलले की ‘ताई, आधी समाजाचा प्रश्न, मग बायकांचा’. १९४२ साली नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी बायकांना लग्नाची घाई करू नका असे बजावले होते. ‘आधी समाज’ म्हणाले नव्हते.

आणखी एक टोचणारी गोष्ट. आमच्या अभ्यासिकेत बौद्ध मुली अकरा आणि मातंग मुली दोन आहेत. वस्ती मात्र जवळजवळ निम्मी-निम्मी आहे. उपवर्गीकरणाच्या वादात मी इथे शिरत नाही. पण विहाराच्या दारातून मातंग पोर आत का येत नाही, तिला आत यावेसे वाटावे असे आपण काय केले, हे विचारायला सुप्रीम कोर्टाचा निकाल लागत नाही. मुक्ताचे नाव घेतो ना आपण?

मुलग्यांचेही थोडे बोलते, नाहीतर म्हणाल ताई एकतर्फी आहेत. आपले मुलगे खरोखर मागे पडताहेत. तेरा-चौदाव्या वर्षापासून त्यांच्या हातात मजुरी येते, वीटभट्टी, केटरिंग, लोडिंग. कमावता मुलगा म्हणून घरात त्याला शब्द मिळतो आणि मास्तरचा शब्द कडू लागतो. ‘पुरुष’ होण्याची किंमत तो दहावीच्या निकालात मोजतो. त्याला मुलीविरुद्ध उभे करून ‘मुलींची बाजी’ म्हणणे म्हणजे एकाच घरातल्या दोन जखमींची शर्यत लावणे. जयंतीच्या डीजेला गेल्या वर्षी आमच्या वस्तीने जेवढी वर्गणी जमवली तेवढ्यात त्या ८४ टक्क्यांच्या मुलीची दोन वर्षांची रिक्षा झाली असती. साडेचारच्या एसटीचा प्रश्नच उरला नसता. हे मी मंडळाच्या बैठकीत बोलले. दोघांनी ‘बरोबर आहे’ म्हटले. डीजे यंदाही ठरला आहे, फक्त अठरा तास अभ्यासाचा कार्यक्रम वाढवून मिळाला.

तर, मागणी. सरकारकडे नवीन योजना मागायची नाही, योजना पुष्कळ झाल्या. छेद मागायचा. २०२५ ला दहावीला बसायला हवी होती ती मुले २०१५-१६ ला पहिलीत होती. शाळांनी त्यांची नावे, लिंग, प्रवर्ग सगळे सरकारी संगणकात भरलेले आहे. त्यातली किती पाचवीत, किती आठवीत, किती नववीत पोचली, किती परीक्षेला बसली आणि किती पास झाली, हे जातप्रवर्ग आणि लिंग दोन्ही एकत्र घेऊन, तालुक्यानुसार, निकालाच्या त्याच दिवशी जाहीर करा. अनुसूचित जातीच्या मुली वेगळ्या, मुलगे वेगळे, भटक्या-विमुक्तांच्या मुली वेगळ्या, आदिवासी मुली वेगळ्या, मुस्लिम मुली वेगळ्या.

मी आमच्या तालुक्यापुरता माहिती अधिकाराचा अर्ज लिहिला आहे. एक प्रत मंडळाकडे, एक शिक्षणाधिकाऱ्यांकडे. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. चार प्रश्न आहेत. पहिलीच्या त्या वर्षीच्या पटावर प्रवर्गनिहाय किती मुली होत्या. त्यातल्या किती जणींनी दहावीचा फॉर्म भरला. नापास झालेल्या मुलींपैकी किती जणींनी पुन्हा फॉर्म भरला. आणि ज्या पास झाल्या त्यांतल्या किती जणी अकरावीला विज्ञान शाखेत आहेत. आपापल्या तालुक्यात हाच अर्ज टाकायचा असेल तर नमुना देते, मजकूर जसाच्या तसा वापरा. चौथा प्रश्न अभ्यासिकेतल्या त्या मुलीने घालायला लावला. कच्चा मसुदा तिच्याच अक्षरात आहे, अक्षर खरोखरच चांगले आहे.